कलश मांडलेल्या घराला कुलूप

त्या वर्षी माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मन मनवेलपाड्यात, आणि घरी ह्यांना गोळ्या काढून देताना मन वकिलाकडे. ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. आमचा फ्लॅट विरारला, मनवेलपाड्यात, चौथ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. तेव्हा तो विकायचा आणि वसईत तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या असं ठरलं. तोवर वसईजवळ गिरीजला एका वाडीवाल्यांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली.

आमच्या बिल्डिंगवर बँक कर्ज देत नसे. बिल्डरने कागदच पुरे केले नव्हते. तेव्हा विरारमध्ये जो तो हेच रडगाणं गायचा. त्यामुळे घर विकायचं तर हप्त्यानेच. गिऱ्हाईक मिळालं ते ह्यांच्याच तालुक्यातलं, नवरा-बायको दोघं बोलायला गोड. निम्मे पैसे आधी, उरलेले दीड वर्षात, आणि शेवटचा हप्ता आल्यावर ताबा, असं स्टॅम्पपेपरवर लिहून सह्या झाल्या. हातात आलेले पैसे आम्ही तसेच वसईच्या बिल्डरकडे भरले. पुढचे वेळेवर आले नाहीत तर बुकिंग रद्द, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

मग आली अक्षय्य तृतीया. त्या बाईने विचारलं, वहिनी, मुहूर्त चांगला आहे, नुसता कलश मांडतो, दूध उतू घालवतो आणि संध्याकाळी किल्ली परत आणून देतो. यात नाही काय म्हणायचं? मीच स्टोव्ह दिला, मीच पातेलं दिलं आणि दूध उतू जाताना कौतुकाने बघत उभी राहिले. संध्याकाळी किल्ली घ्यायला गेले तर समई तेवत होती. ती म्हणाली, आवरतेच आता, निघतो. आणि माझ्या, माझ्याच मेल्या तोंडातून गेलं, "कलश मांडलेल्या घराला लगेच कुलूप घालू नये हो. आजच्या दिवस राहा इथेच."

आजचा दिवस संपलाच नाही. दुसऱ्या दिवशी गाद्या आल्या, आठवड्याने कपाट आलं, आणि जूनमध्ये त्यांनी मुलीचं नाव जवळच्या शाळेत घातलं. हे म्हणाले, राहू दे, पैसे तर देतायत ना. दिले, चार हप्ते दिले. मग तिच्या नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलं आणि आज देतो, उद्या देतो सुरू झालं. मी दर रविवारी चार मजले चढायची, तिच्या हातचा चहा प्यायची आणि हात हलवत परत यायची. पैसे मिळत नाहीत याच्यापेक्षा आपण चहा पितो याचाच मला जास्त राग यायचा.

शेवटी सांडोरच्या एका वकिलांकडे गेले. वयस्क माणूस, सावकाश बोलणारा. माझ्यासारखीला तर छळच. मी तावातावाने सांगितलं की मी कुलूप तोडते, सेक्रेटरींना सांगून त्यांचं पाणी बंद करते. ते म्हणाले, यातलं काहीही केलंत तर पोलीस तुमच्याकडे येतील. मग त्यांनी वाटा सांगितल्या. राहिलेल्या पैशांसाठी व्याजासकट दावा लावता येतो आणि ते फिटेपर्यंत घरावर आपला बोजा, म्हणजे त्या पैशांपुरता हक्क, राहतो, पण निकाल कधी लागेल ते देव जाणे. नाहीतर नोटीस देऊन करार रद्द करायचा आणि घर परत मागायचं. मात्र मग घेतलेले पैसेही परत करावे लागणार. किंवा दोघांनी मिळून तिसरं गिऱ्हाईक बघायचं.

"ताबा त्यांनी घेतला, की तुम्ही दिलात?" त्यांनी विचारलं.

मी दुधाच्या पातेल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिलात," ते म्हणाले. "किल्ली तुमच्याकडे असती, तर आज ते तुमच्या दारात आले असते."

हे म्हणत होते, तिसरं गिऱ्हाईक बघू, त्यांचंही नुकसान नको. मला कुठला धीर! माझ्या खिडक्यांना तिचे पडदे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हटलं, ते काही नाही, माझं घर मला परत पाहिजे. नोटीस पाठवली. उलट त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं की आम्ही पैसे द्यायला तयारच आहोत, मुदत द्या. मी दावा लावला. तारखा पडू लागल्या आणि प्रत्येक तारखेला मी शाळेत रजा टाकून कोर्टाच्या आवारात येरझाऱ्या घालू लागले. वसईच्या बिल्डरने दिवाळीपर्यंत वाट बघितली आणि बुकिंग रद्द करून, थोडे कापून, बाकीचे पैसे परत केले. मी म्हटलं, बरंच झालं, आता त्यांचे पैसे त्यांच्या तोंडावर फेकता येतील.

तसेच फेकले. कमी पडले ते शाळेच्या पतपेढीतून कर्ज काढून घातले. कोर्टात तडजोड झाली आणि महिन्याभरात त्यांनी घर रिकामं केलं. जाताना ती बाई लादी पुसून गेली. मी शाळेत पेढे वाटले. पेढे! त्या विजयाच्या भरात एक साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही, की आता आमच्याकडे उरलंय काय? तळमजला गेला होता. खोलीचं भाडं आणि पतपेढीचा हप्ता, दोन्ही माझ्या पगारात बसेनात. फ्लॅट पुन्हा विकायला काढावा तर हप्त्याशिवाय गिऱ्हाईक नाही, आणि हप्त्याचं नाव काढलं की मलाच घाम फुटायचा.

शेवटी गिरीजची खोली सोडून आम्ही परत चौथ्या मजल्यावरच राहायला आलो. शेजारच्या चौघांनी ह्यांना खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरवलं. मी कधी चार पायऱ्या पुढे, कधी मागे, हात सांभाळा, कठडा सांभाळा, माझी बडबड चालूच. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दम खायला खुर्ची टेकवली. हे एवढ्या दिवसांत मला एका शब्दाने बोलले नव्हते. आत्ताही आवाज चढवला नाही.

"अगं, घर मिळवलंस खरं," ते म्हणाले. "आता मला खाली उतरवायला कुणाला नोटीस देणार?"

ते चौघे हसले. हेही हसले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि त्यांनी पुन्हा खुर्ची उचलेपर्यंत वळले नाही.