कोळंबीवरचं फडकं

पनवेलच्या मासळी बाजारात ती अगदी कोपऱ्यात बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलते गिऱ्हाइकाशी, पण नजर सुरीवरून हलत नाही.

दर शुक्रवारी सकाळी तिच्याकडे एक म्हातारे बेने इस्रायली काका यायचे. त्यांच्या ज्यू धर्मात कोळंबी चालत नाही, म्हणून ते लांबून दिसले की ती कोळंबीच्या टोपलीवर फडकं ओढायची. इतरांचा मासा खरवडून द्यायची, त्यांचा मात्र खवल्यांसकट. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, "खवल्याचाच मासा चालतो त्यांना. डोल्यांनी बघायला नको?"

मग काका मुलाकडे इस्रायलला गेले, कायमचे.

मी गोष्टी लिहिते. तिच्यावर लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर लिहिलं, 'तिला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.' वाक्य वाचून माझी मलाच चीड आली. त्यात ती कुठे दिसतच नव्हती.

गेल्या शुक्रवारी तिला सरळच विचारलं, "काकांची आठवण येते का हो?"

"मला कशाला? गिऱ्हाईक येतंय, जातंय. तुमी बोला, काय देऊ?"

तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "मावशी, आज कोळंबी नाही?"

"हाय ना!" ती म्हणाली. मग टोपलीकडे बघून थबकली, आणि हळूच फडकं बाजूला केलं.

घरी येऊन मी ते वाक्य खोडलं. त्या जागी फडकं लिहिलं.