मोहाखाली झोपलेला माणूस

एका कष्टाळू माणसाला मी भर मंडळीत आळशी ठरवले, तेही पवित्र शास्त्र हातात धरून. माझे कान कुणी भरले नव्हते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बोललो होतो, म्हणून ते जास्त टोचते.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. गडचिरोलीकडच्या एका जंगलगावात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. रविवारची उपासनाही मीच चालवायचो. शेणाने सारवलेली कुडाची खोली हेच आमचे चर्च, आणि ढोलकीवर साथ करायला गावातला एक म्हातारा. आज आठवते ती ढोलकीच. त्याची थाप पडली की बायका पदर सावरून गाऊ लागत, आणि माझ्यासारख्या बेसुऱ्यालाही आपण गातो आहोत असे वाटायचे.

चैत्रात शाळा सकाळची असे. दुपारी मी सायकलवरून घरी निघालो की हा ढोलकीवाला रोज मोहाच्या झाडाखाली आडवा झालेला दिसे. शेजारी मोहफुले वाळत पडलेली. मोहाखाली दिवसा झोपला म्हणजे मोहाची दारू प्यालेलाच असणार, अशी माझी शहरी समजूत.

एकदा सायकल थांबवून मी म्हटले, "भाऊ, शास्त्रातला शहाणा राजा आळशाला काय सांगतो, ठाऊक आहे? मुंगीकडे जा आणि शीक."

डोळे न उघडताच तो म्हणाला, "मुंग्यायपाशी तं मी रोजच जातो, मास्तर. चटणी मस्त होते त्यायची."

मला राग आला. तो मी ईस्टरपर्यंत जपून ठेवला. त्या दिवशी उपासनेनंतर सगळ्यांचे प्रीतिभोजन होते. पंगत बसण्याआधी मी मुंगीची शिकवण सांगितली, मग प्रेषिताचा नियम सांगितला: ज्याला काम नको त्याने जेवूही नये. बोलताना मी त्याच्याकडे पाहत होतो. मग सगळेच पाहू लागले. मागून कुणी म्हणाले, "मोहाखालचा राजा!" खोलीभर हशा झाला.

त्याने ढोलकी भिंतीला टेकवली. "मंग मी जेवत नाई, मास्तर," म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा कधी उपासनेला आला नाही.

त्या संध्याकाळी बायको माझ्याशी नीट बोलेना. ती गावातल्या बायकांबरोबर मोह वेचायला जायची. शेवटी म्हणाली, "फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत तो झाडाखाली असतो. आधी आंधळ्या शेजारणीच्या झाडाखालची वेचून टोपली तिच्या दारात ठेवतो, मग स्वतःची. दुपारी गुरांनी खाऊ नयेत म्हणून फुलांपाशीच पडतो. तुम्ही उठता तेव्हा त्याचं अर्धं काम झालेलं असतं."

मी लगेच गेलो का? नाही. मास्तराने कसे जावे, हा प्रश्न मला मोठा वाटला. वर्षभरात माझी चांद्याला बदली झाली.

तिथल्या चर्चमध्ये पेटी होती, गाणारे तयारीचे होते. तरी दर रविवारी माझे कान त्या ढोलकीची वाट पाहत. शास्त्र वाचताना एकदा अडखळलो. गरिबाच्या नांगरलेल्या जमिनीत पुष्कळ अन्न असते, पण अन्यायाने ते नाहीसे होते, असेही त्याच शहाण्या राजाच्या वचनांत आहे. ईस्टरला मी एवढेच सोडून बाकीचे सांगितले होते.

सहाव्या चैत्रात मी त्या गावी गेलो. पहाटे टोपली घेऊन मोहाखाली पोचलो, तर तो आधीच वाकून वेचत होता. हात पूर्वीपेक्षा सावकाश चालत होते. मी शेजारी बसून वेचू लागलो.

"दाबू नका, मास्तर. रस जाते," तो म्हणाला.

टोपली अर्धी झाल्यावर मी हात थांबवले.

"भाऊ, तुम्ही इथे राबत असायचात तेव्हा मी झोपलेला असायचो. तरी आळशी मी तुम्हाला म्हणालो, पंगतीआधीच उठवलं. येत्या रविवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण आधी तुम्हाला सांगतो. चूक माझी होती. मला माफ करा."