आखाजीच्या दुपारी वाजलेला सर्व्हिस फोन

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगू का – बहुतेक वेळा हसायला म्हणून वाचते. राग मानू नका. माझी सगळी नोकरी मशीनसमोर गेली. अलार्म वाजला तर त्याला कारण असतं आणि कारण शोधलं की सापडतं, एवढंच मला शिकवलेलं. भूत, वारं, अंगात येणं... आमच्या घरात कोणी विषय काढला तर मी उठून स्वयंपाकघरात जायचे. तरी आज लिहायला बसले आहे, कारण एका गोष्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. मी जळगावला टेलिफोन खात्यात टेक्निशियन होते, ट्रान्समिशन रूममध्ये. लग्न उशिरा झालं, आणि बिजवराशी झालं. आमचे हे त्याच खात्यात, केबल जोडणाऱ्या गँगवर. त्यांची पहिली बायको मालती काविळीनं गेली तेव्हा त्यांची मुलगी रूपा दोन वर्षांची होती. मी घरात आले तेव्हा ती चार वर्षांची. मला ती मावशी म्हणायची. आई म्हणजे भिंतीवरचा फोटो.

मी त्या फोटोवर जळायचे. उगाच गोड गोड लिहीत नाही. मालतीला मी कधी पाहिलेलं नव्हतं, तिचा आवाज ऐकलेला नव्हता, पण घरात उठता-बसता तीच. शेजारीण यायची आणि मालतीच्या हातच्या भरिताची आठवण काढून जायची. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! ह्यांनी मात्र कधी तुलना केली नाही. माझं भरीत आणि कळण्याची भाकरी खाली मान घालून खायचे आणि उठायचे. तेच मला सहन व्हायचं नाही. तुलना केली असती तर निदान भांडता आलं असतं.

आता थोडं मशीनचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जळगाव-धुळे फायबर केबल तेव्हा नवीन होती. काचेचे केसासारखे धागे, त्यातून उजेडावर बसून हजारो बोलणी जायची. एक जोडी मेन, दुसरी स्टँडबाय. मेनमध्ये बिघाड झाला की मशीन सगळी बोलणी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच स्टँडबायवर टाकायचं. फोनवर बोलणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. आणि मेन दुरुस्त झाली, की काही न विचारता सगळं परत मेनवर. ज्युनिअर इंजिनिअरसाहेबांना याचं भारी कौतुक. मला मशीनची ही सवय कधी आवडली नाही. का आवडली नाही ते तुम्हाला कळलं असेलच. मी स्वतःला स्टँडबायच समजत होते. वेळेला कामाला लावलेली, आणि मेन असती तर मला विचारलं कोणी असतं?

या सगळ्यात एक गंमत होती. मेन आणि स्टँडबाय दोन्ही धागे एकाच केबलमध्ये, एकाच चरात पुरलेले. एखादा धागा बिघडला किंवा मशीन बसलं तर ठीक. पण कुदळ पडली की दोघी एकदम गेल्या. रॅकवर एक सर्व्हिस फोन असायचा, धुळ्याच्या आमच्याच माणसांशी बोलायला. तोही त्याच फायबरवरून चालायचा. म्हणजे केबल पूर्ण तुटली, की तोही मुका.

त्या वर्षी आखाजीला रूपा सहा वर्षांची होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशातला लेकीबाळींचा सण. पोरी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. मी चार दिवस आधीच आमच्या वाड्यातल्या लिंबाला झोका बांधून घेतला होता, तिच्यासाठी पिवळा फ्रॉक आणला होता. पोरीनं फ्रॉक अंगाला लावून पाहिला आणि म्हणाली, हा मी अक्काकडे घालीन. अक्का म्हणजे मालतीची आई, धुळ्याला राहायची. तिकडून आली की रूपाच्या केसांना अक्काच्या तेलाचा वास यायचा आणि आठवडाभर ती मला वेणी घालू द्यायची नाही. तरी ह्यांनी तिला नेऊन सोडलीच. तिच्या आईचं माहेर आहे ते, एवढंच म्हणाले.

आणि आखाजीला पितरांची घागर भरायची असते. मातीची नवी घागर, वर खरबूज, सांजोऱ्या. मालतीच्या नावाची घागर मीच भरायचे. आपल्या हातानं सवतीला पाणी द्यायचं आणि पोरगी मात्र तिच्या माहेरी झोके घेणार... माझं डोकं सणकलं होतं. नैवेद्य दाखवला आणि सुट्टीच्या दिवशीची ड्यूटी मागून घेतलेली होती, तिच्यावर निघून गेले. घरात बसून काय करू, घागरीकडे बघत?

दुपारी ट्रान्समिशन रूममध्ये मी एकटीच होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत एसीचा गारठा. अचानक बझर वाजला. धुळ्याच्या रॅकवर मेनचा दिवा लाल, आणि पाठोपाठ स्टँडबायचाही लाल. दोन्ही एकदम म्हणजे कुदळ. अंतर मोजायच्या मशीननं पारोळ्याच्या पुढचं ठिकाण दाखवलं, तिथे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. गँगला निरोप गेला, जीप निघाली. हेही त्यातच. सण सोडून जावं लागलं म्हणून मला जरा बरंच वाटलं.

बराच वेळ गेला. मी बझर बंद करून ठेवला होता. गँग पोचली असेल, केबल उकरून काढत असेल, असं मनात चाललं होतं. आणि सर्व्हिस फोन वाजला.

मला पहिल्यांदा वाटलं, जोडलीसुद्धा? इतक्या लवकर? रॅककडे पाहिलं तर मेन लालच होती. स्टँडबाय हिरवी. मी फोन उचलला. बाईचा आवाज. धुळ्याच्या रूममध्ये बाई कोणी नव्हती, पण शेजारच्या एक्स्चेंजमधली कोणी ऑपरेटर आली असेल असं धरून चालले. आवाज स्वच्छ होता, जराही खरखर नाही. ती म्हणाली, "तुनी पोर अक्काना घर कोठीमा शे. झाकन पडेल शे. बेगीन धाड कोनले तरी." आमच्या अहिराणीत सांगत होती – तुझी पोर अक्काच्या घरी धान्याच्या कोठीत आहे, झाकण पडलंय, लवकर कुणाला तरी पाठव.

मी विचारलं, कोण बोलतंय. तिनं उलट विचारलं, "ठेवू मी?"

मी घाईत ठेव, ठेव म्हणाले. फोन मुका झाला, आणि माझ्यासमोर स्टँडबायचा दिवा परत लाल झाला.

विचार करायला वेळच नव्हता. कोण होती, कसं बोलली, हे सगळं नंतर. शेजारच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये धावत गेले आणि मुलींना म्हटलं, नाशिकवरून फिरवून धुळ्याची लाइन द्या, आधी माझी द्या. सणामुळे तिथे झुंबड होती, पण माझा चेहरा बघून त्यांनी दिली. धुळ्याला आमच्या रूममध्ये पवारभाऊ होते, ह्यांचे जुने सोबती. अक्काचं घर त्यांच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत. मी एवढंच सांगितलं, रूपा अक्काकडे कोठीत अडकली आहे, पळा. त्यांनी एक शब्द विचारला नाही. रिसीव्हर बाजूला पडल्याचा आवाज आला, मग पावलांचा.

ती वाट पाहणं मी कुणाला सांगू शकत नाही. मी तो रिसीव्हर कानाला लावून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं – मनी पोर, माझी पोर. तोवर असं मी कधी म्हटलं नव्हतं, मनातसुद्धा नाही.

पवारभाऊ धापा टाकत परत आले. मग म्हणाले, "वहिनी, आहे. पोरगी आहे. पाणी प्यायली."

झालं होतं असं. वर्षाचा गहू भरायचा म्हणून अक्कानं पत्र्याची मोठी कोठी रिकामी करून, पुसून ठेवली होती. जेवणं झाली, मोठी माणसं लवंडली. मुलं लपाछपी खेळत होती. रूपा स्टुलावर चढून कोठीत उतरली आणि वरचं झाकण पडून कडी अडकली. मुलांना ती सापडेना, तेव्हा घरची माणसं उठली आणि झोक्यांकडे, विहिरीकडे शोधत सुटली. पवारभाऊ पोचले तेव्हा घरात कोणी नव्हतं. ते सरळ कोठीकडे गेले. रूपा घामानं निथळत होती, डोळे मिटलेले, श्वास अगदी वरवरचा. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले तर अक्का माझ्या गळ्यात पडून रडली, सगळी गल्ली शोधली आणि कोठीच राहिली म्हणून. "बठ्ठी गल्ली धुंडी वं माय, पन कोठीमा देखं नही." तिच्या घरात फोन नव्हता. गल्लीत कोणाकडेच नव्हता.

पवारभाऊंना मी विचारलं, सर्व्हिस फोनवर कोण बोललं? ते म्हणाले, मी रॅकसमोरच बसलो होतो, वहिनी. दोन्ही दिवे शेवटपर्यंत लाल होते. फोनला कोणी हात लावला नाही, खोलीत बाई कोणी आली नाही.

आणि हे? कामाचं लक्षात ठेवायची त्यांना सवय. मी वेळ सांगितली, ते म्हणाले, त्या वेळी मी खड्ड्यात होतो. केबलची दोन्ही टोकं माझ्या दोन हातांत होती, माती पुसत होतो. जोडणी सुरूसुद्धा नव्हती.

मी त्यांना ते बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. शेवटी तिनं 'ठेवू मी?' विचारलं, हे सांगितल्यावर ते ओट्यावर बसले आणि मालतीचं सांगू लागले. मालती कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांना ऑफिसात फोन करायची. बोलणं संपलं की दर वेळी विचारायची, ठेवू मी? आणि हे 'ठेव' म्हणेपर्यंत रिसीव्हर खाली ठेवायची नाही. हे त्यांनी मला लग्नानंतर कधी सांगितलेलं नव्हतं. मला सांगतील कसे? मी तिचं नाव निघू द्यायचे का घरात?

रूपाला मी बरेच दिवस काही विचारलं नाही. एकदा वेणी घालताना – हो, घालू दिली तिनं – तीच म्हणाली, कोठीत अंधार होता, पण आई होती ना माझ्याजवळ. आणि आई मला म्हणाली, रडू नको, मी मावशीला सांगून येते.

इंजिनिअरसाहेबांच्या कानावर मी फक्त दिव्याचं घातलं. दिवा खराब असेल, म्हणाले. तपासला, दिवा चांगला होता. मग म्हणाले, कुठल्या तरी दुसऱ्या लाइनचं बोलणं कानात आलं असेल. पण तुटलेल्या काचेतून? आणि अक्काच्या घरातल्या कोठीचं? बाईंना ऊन लागलं असेल, असंही कोणी तरी म्हणालं. एसीत बसून ऊन! मी विषय सोडून दिला. आता त्या जागी ना ते रॅक आहे, ना तो फोन. रूपा दोन मुलांची आई आहे, मला अजून मावशीच म्हणते, आणि दर आखाजीला आधी माझ्याकडे येते, मग धुळ्याला जाते. मालतीची घागर मी अजून भरते, खरबूज वास घेऊन, गोड बघून आणते.

पण तिच्यावर जळायचं काही थांबलं नाही. उलट वाढलंच म्हणा. पूर्वी फोटोवर जळायचे, भरितावर जळायचे. आता त्या एका शब्दावर जळते. नऊ महिने पोटात वाढवलेली तिची पोर, तिचा श्वास कोंडतोय, बोलायला मिळालेला वेळ एवढासा... आणि ती बाई मला म्हणाली, "तुनी पोर."

तिच्या जागी मी असते ना, तर 'मनी पोर'च म्हटलं असतं.