ठकीचा ताप

बायोआत्या माणसाच्या कपाळावर आणि जीपच्या बॉनेटवर एकाच पद्धतीने हात ठेवायची. तळहात उलटा, बोटं सैल, मान जराशी तिरकी आणि डोळे मिटलेले. मग तोंडाने ‘च्यक्’ असा आवाज. तो आवाज आला की समोरच्याने, माणूस असो की गाडी, निमूट राहायचं. लहानपणी शाळा बुडवायला म्हणून मी पोटात दुखल्याचं सोंग करायचे, तेव्हाही आधी कपाळालाच हात लागायचा आणि पाच मिनिटांत मी दप्तर घेऊन रस्त्यावर असायचे.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीजवळ पालीच्या आतल्या अंगाला, नवऱ्यामागे राहिलेल्या आंब्याच्या बागेत एकटीच जाऊन राहिली. बाग उतारावर, वर सगळा उघडा कातळ आणि त्यावर रस्ता, मधे अशी चढण की टेम्पोवाले लांबूनच हात जोडत. पेट्या डोक्यावरून वर न्यायला गडी मिळत नाहीत. म्हणून तिने कुठल्याशा लिलावातून एक जुनी फोर-व्हील जीप उचलली, तिचं नाव ठकी ठेवलं आणि त्या वयात स्वतः चालवायला शिकली. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला, तर म्हणते, “अरे, अडलेल्या बायका सोडवल्या मी रात्रंदिवस. हा क्लच मला काय करणार?”

तिचा दुसरा अभिमान म्हणजे तिची बाव. बाव म्हणजे विहीर, पण तिच्यासमोर नुसती विहीर म्हटलेलंही तिला खपत नसे. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी बावीचं पाणी. तो “वा” म्हणेपर्यंत ती समोर उभी. घागरीच्या बुडाला तांबूस गाळ बसायचा, तर त्याचंही कौतुक: “लोह आहे ते. आमच्या पोटुशी बायकांना मी गोळ्या द्यायचे ना, त्यापेक्षा हे बरं.” सकाळी पहिला तांब्या तुळशीला आणि दुसरा ठकीच्या रेडिएटरला. ठकी थोडं थोडं पाणी प्यायची, आणि आत्या तिला रोज प्रेमाने पाजायची. पालीचा इब्राहिम मिस्त्री कितीदा सांगून थकला, “बाई, कूलंट टाका हो आता.” आत्या म्हणायची, “ते हिरवं सरबत तूच पी. माझी ठकी बावीचं पाणी पिते.”

आणि मग ठकीला ताप यायला लागला.

चढणीच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा, बॉनेटखालून फसफस वाफ, आणि आत्या काजूच्या सावलीत पदराने वारा घेत बसलेली. मिस्त्रीने पट्टा बदलला, पंप बदलला, “आपल्याकडे कसली आलीय थंडी” म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकला. ताप आपला तसाच. शेवटी तो म्हणाला, “इंजिनाचं हेड उघडायला लागेल बाई.” आत्या गरजली, “नुसत्या तापाला कोण पोट फाडतं रे मेल्या?”

त्यातच एकदा, घाईत झाकण उघडताना उकळतं पाणी तिच्या हातावर उडालं. कोपरापर्यंत फोड. मुंबईहून तिचा मुलगा, आमचा प्रमोददादा, धावत आला. एरवी मऊ माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. “आई, तू कातळावर एकटी भाजून पडलीस तर मला कोण कळवणार? शिमग्याला मी येतोय. गाडी भरून एकदा चढण चढून दाखव. उकळली, तर ठकी भंगारात आणि बाग कराराने दुसऱ्याला.” आत्याने बॅण्डेजचं सुटलेलं टोक दातांनी ओढून घट्ट केलं. बाग गेली की तिला मुंबईला दादाच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहावं लागणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी रत्नागिरीत राहते. रविवार आला की तिच्याकडे. त्या रविवारी गेले तर बाईसाहेब अंगणात, समोर ठकी, बॉनेट उघडं.

“नमे, बस इथे. मला सांग, ताप कधी येतो?”

“मला कसला ताप?”

“तुला नाही गो, हिला! बाजारात उभी असली तर येतो? नाही. म्हणजे पंखा बरा. सपाटीला हळू चालवली तर? नाही. ओझं घेऊन चढली की मगच येतो. रेडिएटरात बुडबुडे येतात? नाही. मग हेड कशाला उघडायचं? दुखणं कुठेतरी रक्ताच्या वाटेत आहे.”

तिने ठकीला फेरी मारून आणली, इंजिन बंद केलं, पंखा थांबू दिला. मग बॅण्डेज बांधलेला हात मागे धरून, बऱ्या हाताने रेडिएटरची जाळी तपासायला लागली. घाई नाही. वरून खाली, इंच इंच, डोळे मिटून. वरती हात चटकन मागे यायचा. मधे थांबली. खाली हात तसाच ठेवून राहिली.

“च्यक्.”

“काय झालं?”

“खाली गार आहे. वर चटका आणि खाली गार. पाणी पोचतच नाहीये, नमे. पाय गार पडलेत हिचे.”

मिस्त्रीला बोलावलं. त्याने रेडिएटर उतरवला, त्याची वरची टाकी उघडली आणि तो तसाच आत्यापुढे धरला. आतल्या नळ्या लालभडक थराने बुजलेल्या. आमच्या बावीच्या घागरीत बुडाला बसायचा ना, तोच गाळ, वर्षानुवर्षं तापून दगड झालेला.

मिस्त्री भला माणूस. तो आकाशाकडे बघत राहिला. मी जमिनीकडे. आत्या त्या थरावर बोट फिरवत बसली. मग एकदम फस्सकन हसली. “शिंचं लोह जास्त झालं हो हिला! नर्स असून डोस चुकला माझा.” हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “इब्राहिम, आण बाबा तुझं सरबत.”

मिस्त्रीने नळ्या खरवडून साफ केल्या, कूलंट भरलं, आणि शिमग्याला दादा आला. आंबे अजून झाडावर, म्हणून ठकीत जांभ्याचे चिरे भरले. आत्या स्टेअरिंगवर, दादा शेजारी, मी मागे चिऱ्यांवर जीव मुठीत धरून. गावातून पालखीचे ढोल ऐकू येत होते. आमच्या तिघांचेही डोळे काट्यावर. अर्ध्या चढणीला काटा हलला, जरासा वर गेला आणि तिथेच राहिला. मी ग्रामदेवतेला नारळ बोलून टाकला. कातळावर पोचल्यावर आत्याने गाडी थांबवली, उतरली आणि दादाचा हात धरून बॉनेटवर ठेवला.

“आई, गरम आहे की!”

“जिवंत आहे म्हणून गरम आहे, मेल्या! गार पडलेली बरी का?”

दादा हसत सुटला, आणि भंगाराचा विषय तिथेच कातळावर राहिला. त्या वर्षीच्या पेट्या ठकीनेच वर आणल्या. पुढेही कितीतरी मोसम आणल्या. पाहुण्यांना बावीचं पाणी चालूच होतं. फक्त पाजताना आत्या हळूच म्हणायची, “माणसांना काही होत नाही हो.”

गेल्या आषाढात ती आजारी पडली. मी आणि दादा, दोघंही तिच्याजवळ होतो. मी कपाळाला हात लावला की डोळे न उघडता विचारायची, “गरम आहे ना? मग असू दे.” एका सकाळी मी हात लावला, तिच्याच पद्धतीने, तळहात उलटा. आणि तसाच ठेवून राहिले. दादाला काही सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं.

तेरावं झालं. दादाची मुंबईची बॅग भरलेली, पाऊस जरा उघडलेला. तो पडवीतून उतरला, ठकीत बसला आणि किल्ली फिरवली. दोन-तीन वेळा खाकरून ठकी चालू झाली. ती तशीच चालू ठेवून तो खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मीही जाऊन शेजारी उभी राहिले. पत्रा गारढोण होता. ढग पुन्हा भरून आले, त्याच्या मुंबईच्या गाडीची वेळ होत आली, तरी तो हलेना.

मग बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता दादा म्हणाला, “नमे, गरम आहे गो.”