थांबून मारणारी

मी थांबून मारते. कोणाला पटो न पटो. गेल्या दोन वर्षांत यावरून मला इतकी बोलणी बसली आहेत की आता कोणी काही नवीन बोललं तर बरंच वाटेल.

ज्यांनी बंदुकांचा ऑनलाइन गेम कधी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, आणि पडद्यावर आपले फक्त दोन हात आणि बंदूक दिसते. डाव्या हाताच्या बोटांनी चालायचं, उजव्या हातातल्या माउसनं नेम धरायचा. आम्ही जो गेम खेळायचो त्यात पळता पळता गोळी झाडली की ती भलतीकडे जाते. नेम अगदी समोरच्याच्या कपाळावर असला तरी गोळी शेजारच्या भिंतीत. उजवीकडे पळत असताना डावीकडचं बटण क्षणभर दाबलं की आपण जागच्या जागी थांबतो. तेवढ्यात दोन-तीन गोळ्या मारायच्या आणि लगेच सरकायचं. एवढंच शास्त्र आहे. मला ते पहिल्या आठवड्यात कळलं. टीममधल्या चारही पुरुषांना ते कळेना, आणि त्याला कारण गोटमार, आमच्याकडची दगड मारायची जत्रा.

आमचं पांढुर्ण्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोसुद्धा मिळतात. दुकान दादाचं, फॉर्म मी भरते. पूर्वी तिथे सायबर कॅफे होता. त्यातले पाच कॉम्प्युटर दादानं ठेवले, थोडे सुधारून घेतले, आणि रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही खेळायला बसायचो. दादा कॅप्टन. त्याचे दोन मित्र आमच्याच गल्लीतले. चौथा सौंसरहून बसनं यायचा, घरची संत्र्याची बाग. त्याच्या गावात गोटमार नाही, पण मामाचं घर पांढुर्ण्यात, त्यामुळे त्याचंही शिक्षण झालेलं. पाचवी मी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. बाहेरची माणसं त्यावर पुष्कळ बोलतात, त्यांनी बोलावं. आमच्याकडचे पुरुष मिसरूड फुटायच्या आधीच शिकतात की दगड मारायचा तो पळता पळता. उभं राहिलं की समोरून आलाच. हे चौघे तसेच वाढले होते. त्यांच्या पायांना उभं राहणं ठाऊकच नव्हतं. मुलींना मात्र नदीत कोण जाऊ देतं? मी दरवर्षी आत्याच्या गच्चीवरून पाहिलं. गच्चीवरून एक गोष्ट दिसते, जी खाली पळणाऱ्याला दिसत नाही. पळता पळता मारलेले बहुतेक दगड पाण्यात पडतात. ज्याचा लागतो, त्यानं क्षणभर का होईना पाय रोवलेले असतात.

"थांबून काऊन राहिली वं?" दादा ओरडायचा. "पळत पळत मार ना! पुतळ्यासारखी उभी राहते नुसती."

"माझ्या गोळ्या लागून राहिल्या ना!"

"अन् तू मरून राहिली, त्याचं काय?"

मरायचे मी, खोटं कशाला सांगू. सुरुवातीला थांबले की थांबलेलीच राहायचे, आणि समोरचा आरामात टिपायचा. माझं नावच पुतळा पडलं. सौंसरवाला म्हणायचा, येताना तुझ्यासाठी हार घेऊन येतो. मला राग यायचा, पण रागावून उठून गेले असते तर त्यांना बरंच झालं असतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी एकटी सराव करत बसायचे. थांब, मार, सरक. बोटं दुखेपर्यंत. त्या चौघांपैकी एकानंही असा सराव केला नाही. आपल्याला येतंच, असा त्यांचा समज होता.

मग नागपूरच्या स्पर्धेचं समजलं. मोठा हॉल, मोठा पडदा, आणि खेळणाऱ्याचं नाव माइकवर घेणार. मला जायचं होतं. नागपूरला मी आजवर गेले ती दवाखान्यात नाहीतर कोणाच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. माझ्या स्वतःच्या कामासाठी एकदाही नाही. त्या हॉलमधल्या पाचपैकी एका खुर्चीवर मला बसायचं होतं, आणि ते मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी दादा एका नवीन माणसाला घेऊन आला. सावरगावचा. ज्या सावरगाववर दादानं इतकी वर्षं दगड मारले, तिथल्या माणसाला तो माझी खुर्ची द्यायला निघाला होता.

"हा चांगला पळते," दादा म्हणाला. "तू यावेळी राहू दे."

"पळायची शर्यत आहे का तिथं?" मी म्हणाले. "सगळ्यांनी सगळ्यांशी एकेक डाव खेळा. मग ठरवू कोण राहते ते."

सगळे हसले. दादाला वाटलं, बरंच झालं, एकदाचा निकाल लागेल. त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगितलं, "जो जास्त वेळा हारन, तो बाहेर. मंजूर?"

मंजूर, सगळे म्हणाले. सहा जण होतो, प्रत्येकाच्या वाट्याला पाच डाव. मी तीन जिंकले, दोन हरले. दादाला मी पहिल्याच भेटीत पाडलं. तो बंदूक रिकामी करत माझ्यासमोरून आडवा पळत गेला. त्याच्या सगळ्या गोळ्या भिंतीत. मी थांबले, दोन मारल्या. सावरगाववाला हुशार निघाला. माझं पाहून तोही थांबायला लागला, त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. दादा मात्र शेवटपर्यंत पळत राहिला आणि पाचातले चार डाव हरला. सगळ्यात जास्त. मग तो म्हणाला की माउस खराब आहे. कोणीतरी चहा सांगितला, आणि त्याच्या अटीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी जिंकले होते, आणि ते एकाही माणसाच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं.

सोमवारी दुकान उघडल्यावर दादानं माझ्या टेबलाशी उभं राहून सांगितलं, "नागपूरचा फॉर्म भर. पहिलं माझं नाव लिही, कॅप्टन." मग त्यानं गल्लीतल्या दोघांची नावं सांगितली, सौंसरवाल्याचं सांगितलं, आणि पाचवं सावरगाववाल्याचं.

"अन् काल ठरलं ते?" मी विचारलं.

"काल मजाक चालली होती. नागपूरले पोरीले घेऊन कुठं फिरत बसू?"

तर गोळ्यांचं कारण कधी नव्हतंच. मी थांबून मारते की उडत मारते, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दोन वर्षं मी बोटं झिजवली ती एका सबबीपायी. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. दादा कोणाचे तरी फोटो कापायला वळला, आणि मी भराभर टाइप केलं. गावातल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म मी भरलेत, कोणत्या रकान्यात काय जातं ते मला चांगलं कळतं. नावं, जन्मतारखा, मोबाइल नंबर. कॅप्टनच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. मग सावरगाववाला, सौंसरवाला, गल्लीतले दोघे. झाले पाच.

स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "पाहून घे, स्पेलिंग बरोबर आहे का."

त्यानं वरून खाली वाचलं. परत वरून वाचलं. हातातली कात्री तशीच राहिली.

"अन् मी?" त्यानं विचारलं.

आवाज अगदी लहान झाला होता. कालपासून हाच प्रश्न माझ्या मनात होता आणि मी तो एकदाही विचारू शकले नव्हते, कारण विचारला असता तर घरात सगळ्यांनी समजूत घालून मलाच गप्प केलं असतं. त्याची समजूत घालायला मात्र तिथे कोणी नव्हतं. मला वाईट वाटलं. सख्खा भाऊ आहे, वाटणारच.

"तूच ठरवलं होतं ना, जो जास्त हारन तो बाहेर," मी म्हणाले आणि सबमिट दाबलं.