गुलाबी बिल्ल्याची पेटूनिया

लॅमार ब्रूबेकरच्या गोठ्याच्या दारावर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलेलं आहे : ‘नराला बाटली नाही.’ खाली सही. आपल्याच गोठ्यावर आपलीच सही करणारा माणूस आमच्या पेनसिल्व्हेनियात दुसरा नसेल. पण लॅमारला सही करायचा हक्क होता, कारण ते शहाणपण त्याने स्वतःच्या मांडीच्या मोलाने विकत घेतलं होतं.

सतरा वर्षांपूर्वी त्याने ड्यूक नावाचं एक नर पाडस स्वयंपाकघरात, खोक्यात ठेवून, बाटलीवर वाढवलं. आईच्या दुधावर वाढलेलं हरीण माणसाला बघून पळतं. बाटलीवर वाढलेलं पळत नाही. त्याला माणूस आपल्यातलाच वाटतो. मादीचं ठीक आहे, ती जन्मभर अंगाशी येऊन खाजवून घेते. पण नर मोठा होतो, नोव्हेंबरात माजावर येतो, आणि मग आपल्यातल्याच दुसऱ्या नराचं जे करायचं तेच तो माणसाचं करतो. ड्यूकने लॅमारला दाण्याच्या बादलीसकट कुंपणाला टाचला. तेव्हापासून लॅमार उजव्या पायाने लंगडतो.

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी हरीणपाळांचा मेळावा भरतो, तेव्हा ही गोष्ट सांगायचा मान त्याचाच. “मी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला,” तो म्हणायचा, “आणि वयात आल्यावर तोही पोटच्या पोरासारखाच वागला!” लोक पोट धरून हसायचे. मग लॅमार पँट गुडघ्याच्या वर ओढून व्रण दाखवायचा. बायको अर्लीन त्या वेळी नेमकी सूप ढवळायला आत गेलेली असायची. ड्यूकचं पुढे काय झालं हे लॅमार एका वाक्यात उरकायचा, “मग त्याला आवरावं लागलं.” कोणी आवरलं ते सांगायचा नाही. बंदूक अर्लीनने आणली होती, आणि गोळीही तिनेच घातली होती. ते चारचौघांत काढायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोवर आपण केवढी दया करतो, याचं त्याला मनातल्या मनात कौतुकही होतं.

ड्यूकने टाचल्यावर दवाखान्यात, खाटेवर पडल्या पडल्या, त्याने अर्लीनचा हात धरून शपथ घेतली होती : पुन्हा नराला बाटली नाही.

तर यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, बावीस नंबरच्या हरिणीला जुळं झालेलं त्याला सापडलं. एक मादी, ठणठणीत. दुसरा नर, शर्टाच्या खिशात मावेल एवढा आणि थंडगार. आई मादीला चाटत होती. नर उठून धडपडत कासेशी गेला की लाथ. पुन्हा गेला, पुन्हा लाथ.

“अगं बये, तुझंच आहे ना ते!” लॅमार तिच्यावर ओरडला. ती ढिम्म.

त्याने शेजारच्या कुंपणातल्या दुसऱ्या व्यालेल्या हरिणीपुढे पाडस ठेवून पाहिलं. तिने हुंगलं आणि शिंकली. मग त्याला वाटलं, कोणाला तरी देऊन टाकावं. पण देणार कोणाला? क्लेटन हर्शला? क्लेटन म्हणाला असता, “नराला बाटली? तूच तर शिकवलंस.” आसपासच्या सगळ्या हरीणपाळांना लॅमारने सतरा वर्षं इतकं घोकून घोकून शिकवलं होतं, की या पाडसाला हात लावणारा एक माणूस त्याने मागे ठेवला नव्हता. आपल्या भाषणात एवढी ताकद असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सरळ मार्ग एकच होता. पाठ फिरवायची आणि न्याहारीला जायचं. बाकीचं दुपारपर्यंत आपोआप झालं असतं. लॅमारने पाठ फिरवली. अकरा पावलं गेला. त्याने मोजली, कारण मोजलं की विचार करावा लागत नाही. बाराव्या पावलाला मागून आवाज आला. आवाज कसला, दार करकरावं तेवढाच.

“गप रे,” लॅमार म्हणाला. “माझी मांडी बघ एकदा आणि मग ओरड.”

पाडस गप बसलं, आणि तेच वाईट झालं. ओरडत राहिलं असतं तर राग तरी आला असता. लॅमार परत फिरला, खाली बसला, आणि त्याला जाकिटात घेऊन म्हणाला, “लॅमार, तू गाढव आहेस. आणि लंगडं गाढव आहेस.”

गोठ्यातल्या फ्रीजरमध्ये शेळीचा चीक गोठवून ठेवलेला असतोच. त्याने तो कोमट केला, बाटली भरली. पाडसाला पहिल्या दिवशी चीक मिळाला नाही तर पुढच्या दुधाचा उपयोग नसतो, म्हणजे आता निर्णय घेऊन झालाच होता. राहिला होता कानातला बिल्ला. मादीला गुलाबी, नराला पिवळा. गुलाबी बिल्लेवाल्या बाटलीला, पिवळे आईकडे. लॅमारने पिवळा हातात घेतला. अर्लीन हा बिल्ला बघणार. ती ओरडणार नाही, हेच तर वाईट. ती नुसती त्याच्या मांडीकडे बघणार.

त्याने पिवळा खिशात टाकला आणि गुलाबी ठोकला.

“चार माद्या बाटलीला,” न्याहारीच्या वेळी तो म्हणाला. “चौथी अशक्त आहे. पेटूनिया.”

“बरं,” अर्लीन म्हणाली.

आता गोम अशी, की बाटलीवरच्या पाडसाला दूध पाजून भागत नाही. आई चाटते तसं ओल्या गरम फडक्याने शेपटीखाली पुसावं लागतं, नाहीतर त्याचं पोट मोकळं होत नाही. आणि तिथे पुसणाऱ्याला नर की मादी हे बिल्ला वाचून समजून घ्यावं लागत नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तेव्हापासून हे काम अर्लीनचं. लॅमारला त्याची किळस. बाटली धरून तो दुसरीकडे बघायचा.

“आजपासून पुसायचं मी बघतो,” लॅमार म्हणाला.

अर्लीनच्या हातातला चमचा थांबला. “बरं नाही का तुला?”

“तुझी कंबर दुखते ना.”

“ती नऊ वर्षं दुखतेय.”

“तेच म्हणतो मी. फार झालं आता.”

मांजर डोळे मिटून दूध पितं तसा लॅमारने तो सगळा उन्हाळा काढला. दिवसातून पाच वेळा गुडघ्यावर बसून पुसायचं आणि वर हसऱ्या तोंडाने शीळ घालायची. चौथ्या दिवशी चर्चच्या छपराचं काम निघालं आणि त्याला सकाळभर जावं लागलं. तो छपरावर बसून घामाघूम. खिळा सोडून अंगठ्यावर हातोडी मारली. घरी आला तर अर्लीन मटार सोलत बसलेली.

“पाजलंस?”

“पाजलं.”

“चौघींना?”

“चौघींना. पेटूनिया फार गोड आहे रे.”

सुटलो, असं लॅमारला वाटलं. बायकोची नजर अधू झाली, बरंच झालं, असंही वाटलं. चष्मा खरा लॅमारला आहे.

तो पाडसाच्या प्रेमात पडला हे सांगायला नकोच. गोठ्यात जाताना ओरडायचा, “पेटूनिया!” आणि ते भाबडं चारी पाय एकदम उचलून उड्या मारत यायचं. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र मांडी ठणकायची. दोन वर्षांनी याला शिंगं येणार. तेव्हा दाण्याची बादली घेऊन आत कोण जाणार? तो गेला तर एक वेळ चालेल, पण अर्लीन गेली तर? हा विचार आला की तो उठून बसायचा, उद्या सांगतो म्हणायचा, आणि उद्या शीळ घालायचा.

मेळावा यंदा त्याच्याच घरी होता. अंगणात टेबलं, चिकन आणि मक्याचं सूप, काकवीचे केक. पन्नासेक माणसं. लॅमार चारा-गाडीवर चढला, मागे लाल अक्षरं, शेजारच्या जाळीत चार गुलाबी बिल्लेवाली पाडसं. सुरुवात झोकात झाली. पोटच्या पोराचा विनोद झाला, हशा झाला.

“मऊ मनाची माणसं या धंद्यात नकोत,” तो गरजला. “पाडस रडतं, तुम्ही विरघळता. मी नाही विरघळलो! सतरा वर्षांत एकदाही नाही!”

तेवढ्यात पेटूनियाला लागली. ती जाळीच्या अगदी पुढे आली. मादी असती तर मागचे पाय मुडपून खाली बसली असती. पेटूनिया चारी पायांवर ताठ उभी राहिली, अंग ताणलं, आणि पोटाच्या मधोमधून सरळ धार सोडली. निवांत. बराच वेळ.

पन्नास हरीणपाळ. त्यात एकालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

“लॅमार,” क्लेटन हर्श म्हणाला, “तुझी पेटूनिया जरा वेगळीच आहे रे.”

मग जो हशा फुटला तो सतरा वर्षांच्या सगळ्या विनोदांना मिळून आला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि पाषाणाच्या मागे त्याची स्वतःची सही. लॅमारने सगळ्यांकडे पाहिलं, फक्त एका दिशेला सोडून. मग तिथेही पाहिलं. अर्लीन हसत नव्हती. पळी हातात घेऊन ती त्याच्या मांडीकडे बघत होती.

लोक गेल्यावर दोघं भांडी विसळत होती.

“मला चौथ्या दिवशीच कळलं,” अर्लीन म्हणाली. “तू छपरावर होतास तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू शपथेला जागला असतास. दूध बंद केलं असतंस. म्हणजे हेही माझ्याच हातून गेलं असतं.” तिने ताट जोरात आपटलं. “गुरांच्या डॉक्टरीणबाईंना जुलैतच सांगून ठेवलंय. गुरुवारी येऊन खच्ची करतील. ना माज, ना शिंगांची भीती.”

“खच्ची नर म्हणजे फुकटचं खाणारं तोंड, असं मीच भाषणात...”

“एक फुकटचं तोंड अडतीस वर्षं पोसतेय मी. दुसरं जड नाही.”

लॅमार हसला. अर्लीन हसली नाही. तिने हात पुसले.

“दर वर्षी ती गोष्ट सांगतोस. मांडी दाखवतोस. मला मात्र त्यातून पुसून टाकतोस. उपकार करतोस ना माझ्यावर? सतरा वर्षांत एकदा तरी विचारलंस, अर्लीन, तुला कसं झालं?”

लॅमारला वाटलं, आपल्याला आता पुन्हा कोणीतरी कुंपणाला टाचलं आहे. “कसं झालं?” तो म्हणाला.

“तू मध्ये होतास. नेम धरता येईना. म्हणून मी हाक मारली. दूध पाजताना मारायचो ना, तशीच. ड्यूक.” तिने हात पुन्हा नळाखाली धरले. “त्याने तुला सोडलं आणि माझ्याकडे मान वळवली. कान पुढे केले. त्याला वाटलं, बाटलीची वेळ झाली. म्हणून लागली गोळी.”

नळ चालूच होता. लॅमारने तो बंद केला. त्याने तिचा ओला हात धरला, दवाखान्यात धरला होता तसा. या वेळी शपथ घेतली नाही. आपल्या शपथांची किंमत दुपारीच अख्ख्या गावाला कळली होती.

संध्याकाळची एकच बाटली आता उरली होती. दोघं गोठ्यात गेली. अर्लीन जाळीपाशी उभी राहिली, पण हाक मारेना. लॅमारही मारेना. शेवटी तिने ओठ ओले केले आणि हळूच म्हटलं, “पेटूनिया.”

पाडसाने मान वळवली, कान पुढे केले, आणि धावत आलं. अर्लीन बाटली धरून रडत राहिली, आणि ते घटाघटा पीत राहिलं.

लॅमारने आपलं काहीतरी करायचं म्हणून बादलीतलं फडकं उचललं.

“आता पुसावं लागत नाही, गाढवा,” अर्लीन म्हणाली. “मोठा झालाय तो.”

“माहीत आहे,” लॅमार म्हणाला, आणि ते फडकं त्याने तिला डोळे पुसायला दिलं.