पातळ माल

आत्या कारखान्यात प्लास्टिक चावून बघते, अशी बातमी आमच्या जिन्यात फिरत होती. शेजारच्या काकूंनी तर तिच्यासाठी दातांचा डॉक्टरही हेरून ठेवला होता. साफ खोटं. आत्या प्लास्टिक चावत नाही, वितळवते. तापलेल्या नळीत दाणे ओतायचे, वर वजन ठेवायचं आणि खालच्या भोकातून किती लगदा बाहेर येतो ते मोजायचं. मग त्याच मालाच्या पट्ट्या यंत्रात तुटेपर्यंत ताणायच्या. त्यामुळे जेवताना कुणाच्या चीजची तार लांबली, की ही ताट सरकवते. माल तिला शेंबडासारखा दिसतो आणि शेंबूड मालासारखा. तिचं ‘छी’ही दोन प्रकारचं: वासाला आखूड, माणसांना लांब.

त्या आठवड्यात लांबच जास्त निघालं. बालवाडीच्या स्टुलांचा माल पाण्यासारखा वाहत होता आणि मॅनेजर खूश होता.

“मॅडम, साचा कसा झटक्यात भरतोय बघा. लोणी आहे लोणी.”

“लोणी नाही साहेब, जुलाब आहे,” आत्या म्हणाली. “तेच भंगार किती वेळा वितळवलंत? दम गेलाय त्याचा. पट्ट्या कडाकड तुटतायत.”

“पट्टीवर कोण बसतंय? उद्या माल पास म्हणून सही करा, नाहीतर परवापासून पॅकिंगला उभ्या राहा.”

त्यातलंच एक स्टूल घेऊन आत्या घरी आली आणि मेल्या उंदराकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत बसली.

“वन्सं, करून टाका की सही,” आई म्हणाली. “पोरांचं वजन ते कितीसं?”

“पोरं बसत नाहीत वहिनी, उड्या मारतात.”

“लोणी आहे लोणी,” आत्या नक्कल करते तशा मॅनेजरच्या नाकातल्या आवाजात मी म्हणाले आणि पैज लावली. मी बसणार, स्टूल मोडणार नाही. हरेल त्याने मोरीची जाळी साफ करायची.

“या पायावर रेघ दिसते ना,” आत्या म्हणाली, “साच्यात माल दोन बाजूंनी येऊन तिथे भेटतो. तोच जाईल. बेतानं बस.”

मी बेतानंच बसले. तोच गेला. सुरीसारखा धारदार तुकडा उडून आईच्या पावलापाशी पडला. आईने तो उचलून धारेवरून बोट फिरवलं.

“नका करू सही,” ती म्हणाली.

आत्याने नाहीच केली. पॅकिंगचा पहिला दिवस संपवून ती परतली, तेव्हा मी मोरीत उकिडवी बसून, श्वास रोखून, जाळीतून केसांचा बुळबुळीत दोर ओढत होते. आत्या दारात उभी राहिली.

“ताण अजून,” ती म्हणाली. “बघ, तुटत नाही. हा माल पास.”